पत्रावळींवर मांडिलेल्या इंजिनाची बखर

श्रीगजानन आणि श्रीविश्वकर्मा उभयतां प्रसन्न असोत. राज्यातील लेकरांनी एके दिवशी पुसिले की, आपल्या मुलखातील मोटारीचे पोट राणीसाहेबांनी घरीच उघडिले आणि घरीच मिटविले ऐसे ऐकतो, ते कैसे जाहले? त्यावरून ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस पुसोन आणि ज्यांचे हात काळे जाहले त्यांजकडून खातरजमा करून, लहानांस उमजेल ऐशा बेताने हकीकत लिहिली ती ऐसीजे.

शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी राज्याची गादी मातुश्री आऊसाहेब यांजकडे होती. राज्य म्हणावे तर पुढे अंगण, मागे पत्र्याची पडवी, मधे चार खोल्या आणि पूर्वेस देवघर, इतकाच मुलूख; परंतु शिस्त ऐसी की, कोणता तांब्या कोणत्या फळीवर, हे अंधारातही चुकत नसे. आऊसाहेबांचे पुत्र चंद्रसेनराव नगरपालिकेच्या पाणीखात्यात चाकरीस होते आणि घरी त्यांजकडे वकिली होती, म्हणजे आईचे बोलणे मऊ करून पत्नीस सांगावे आणि पत्नीचे बोलणे मऊ करून आईस सांगावे. पत्नी राणी कुमुदिनीबाई कन्याशाळेत विज्ञान शिकवीत. हुशार होत्या, कष्टाळू होत्या, परंतु एका जागी बूड टेकणे त्यांच्या पत्रिकेत नव्हते. दूध तापेपर्यंत उभ्या राहात त्यातही दोनदा अंगणात जाऊन येत. सासूसुनांत वैर नव्हते आणि सलगीही नव्हती. एकाच घरात दोन छावण्या असाव्या तैसे चालले होते.

मोटार राणीसाहेबांच्या वडिलांची. वडील गुरांचे डॉक्टर. गावोगावच्या गोठ्यांतून फिरत आणि मोटारीच्या मागील बाकावर औषधांच्या बाटल्या, दोर आणि प्रसंगी एखादे आजारी वासरू ऐसा सरंजाम असे. वडील वारले, मग मोटार राणीसाहेबांनी सासरी आणिली. पुढे ती निळा धूर टाकू लागली, चढावर दम सोडू लागली आणि अखेरीस अंगणात उभी राहिली ती राहिलीच. गणपतीत राणीसाहेबांचे थोरले बंधू भालचंद्रराव पाहुणे आले. त्यांनी मोटारीभोवती एक चक्कर मारिली, टायरास बूट लाविला आणि जेवताना सांगितले की, भंगारवाल्याशी बोलणे जाहले आहे, दसरा झाला की तो उचलून नेईल. राणीसाहेबांचा घास हातात राहिला. त्या म्हणाल्या की, बाबांची गाडी मी भंगारात जाऊ देणार नाही. भालचंद्ररावांनी ताकाची वाटी तोंडास लाविली, खाली ठेविली आणि बोलिले, "दसऱ्याला तिच्या चाकांवर माझ्या दारात आण. आली तर तुझी. नाही आली तर परत हा विषय काढायचा नाही, कुमे."

"आणते," राणीसाहेब म्हणाल्या, आणि मग त्यांस झोप लागेना.

गावातील गॅरेजवाले दिवाळीशिवाय मोकळे नव्हते. तेव्हा राणीसाहेबांनी ठरविले की काम घरीच करावे. लहानपणी वडील मोटारीखाली निजून काम करीत आणि ही कन्या शेजारी बसून मागतील तो पाना देत असे. त्या शिदोरीवर ही मसलत उभी राहिली. आऊसाहेबांनी वकिलामार्फत कळविले की, पितृपंधरवडा आहे, नवे कार्य आरंभू नये. राणीसाहेबांनी उलट कळविले की, उघडणे हा आरंभ नव्हे, जोडणे हा आरंभ, आणि जोडणे घटस्थापनेनंतरच होईल. आऊसाहेबांनी त्यावर जपमाळ घेतली. चंद्रसेनराव दोन्ही बाजूंस मान हलवून मोकळे जाहले.

आता इंजिन म्हणजे काय ते लेकरांनी समजोन घ्यावे. इंजिन हा लोखंडी गड. गडात चार विहिरी, आणि दर विहिरीत एकेक शिलेदार वरखाली धावतो, त्यास पिस्टन म्हणावे; सायकलीच्या पंपात दट्ट्या धावतो तैसाच. पिस्टनाच्या कमरेस कड्या असतात, त्या झिजल्या की खालचे तेल वर चढते आणि जळते, तोच निळा धूर. पिस्टनाचा पाय म्हणजे एक दांडा, तो खाली जाऊन मोठ्या वाकड्या दांड्यास मिठी मारितो, आणि त्या मिठीचा खालचा अर्धा भाग निराळा निघतो, त्यास टोपी म्हणू. चौघे वरखाली धावतात आणि वाकडा दांडा गरगर फिरतो, मग चाके फिरतात. गडाच्या माथ्यावर दरवाजे असतात, त्यांस व्हॉल्व्ह म्हणतात. एकाने हवा आणि पेट्रोल आत यावे, दुसऱ्याने धूर बाहेर जावा. इतके ध्यानी धरिले म्हणजे पुढील हकीकत कळेल.

पितृपंधरवड्यातील पहिल्याच रविवारी गडास वेढा पडला. बॉनेट उतरवून भिंतीस टेकविले, पाणी सोडिले, तेल सोडिले, आणि मग माथ्याचे नट सोडविणे सुरू जाहले. बाकीचे नट शरण आले, एक मात्र फितूर होईना. राणीसाहेबांनी पान्यावर लोंबकळून पाहिले, पाय देऊन पाहिला. चंद्रसेनराव म्हणत, "तेल घालून जरा वेळ ठेवू, आपोआप सुटेल," आणि राणीसाहेब म्हणत की वेळ ठेवायला वेळ आहे कुठे, आणि पुन्हा लोंबकळत. अखेरीस त्या रागाने चहा करावयास गेल्या आणि चंद्रसेनरावांनी तेल सोडून थोडे थांबोन पाना फिरविला तो नट सुटला. हे त्यांनी सांगितले नाही. पत्नी परत आली तेव्हा पाना तिच्या हाती दिला, आणि तिने फिरविला, आणि ती प्रसन्न जाहली. मग माथा उचलोन पडवीत आणिला. मग मोटारीखाली गोणपाट अंथरून राणीसाहेब निजल्या, खालचे तेलाचे चेंबर उतरविले, टोप्या सोडविल्या आणि एकेक शिलेदार वरून बाहेर ओढिला. गड जागचा हलविला नाही, वाकडा दांडाही जागीच ठेविला. आतील मंडळी मात्र सगळी बाहेर आली, काजळीने माखलेली, वडिलांच्या सगळ्या फेऱ्यांचा धूर अंगावर घेऊन. राणीसाहेबांनी पहिला पिस्टन हाती घेतला तो बराच वेळ खाली ठेविला नाही. त्या दिवशी स्थिर बसल्या त्या तेवढ्याच.

प्रत्येक नग जेथून निघाला तेथेच परत गेला पाहिजे, हा या विद्येचा पहिला नियम. जो शिलेदार ज्या विहिरीत झिजला त्याच विहिरीशी त्याचा सलोखा. पोक्त माणूस नग काढताच त्यावर पोगराने, म्हणजे लोखंडी टोच्याने, टिंबे मारितो, पहिल्यास एक, दुसऱ्यास दोन, म्हणजे घोटाळा होत नाही. राणीसाहेबांस हे ठाऊक होते. परंतु पोगर शोधावा लागणार होता, आणि शोधण्याइतका धीर कोठून आणावा? त्यांनी फडताळातून पत्रावळींचा गठ्ठा काढिला आणि पडवीत चार पत्रावळींची पंगत मांडिली. पहिल्या विहिरीचा पिस्टन, दांडा, टोपी आणि व्हॉल्व्ह पहिल्या पत्रावळीवर, दुसरीचे दुसरीवर, आणि ऐसेच पुढे. पंगत मोठी देखणी दिसत होती. शाळेतील दोन शिक्षिका पाहून गेल्या आणि त्यांनीही तारीफ केली.

मग बाजारहाट सुरू जाहली. कड्या आणावयाच्या, मिठीतील बेअरिंगे आणावयाची, माथ्याखालचे पॅकिंग आणावयाचे. कड्या आल्या तर बेअरिंगे नाहीत, बेअरिंगे आली तर पॅकिंग नाही. पॅकिंग जिल्ह्याच्या गावाहून येणार होते आणि दुकानदार रोज उद्या म्हणत असे. राणीसाहेब वर्गात उभ्या राहून उत्कलनबिंदू शिकवीत आणि हातातील खडू पान्यासारखा फिरवीत. घटस्थापना जाहली, माळा चढू लागल्या, आणि पडवीत पंगत तैसीच बसलेली. आऊसाहेब येता जाता तिजकडे पाहात. एकदा वकिलास म्हणाल्या की, नवरात्रात घरात तेलकट पत्रावळी पडून आहेत, लोक काय म्हणतील. वकिलाने ते बोलणे इतके मऊ केले की, राणीसाहेबांस ते पोहोचलेच नाही.

आश्विन शुद्ध नवमी. खंडेनवमीचा दिवस, शस्त्रे आणि हत्यारे पुजावयाचा. सकाळी निरोप आला की पॅकिंग आले. राणीसाहेब सायकलीवर गेल्या, पॅकिंग छातीशी धरून दुपारच्या आत परतल्या, आणि पडवीत पाऊल टाकिले तो पडवी सारविल्यासारखी स्वच्छ. पंगत नाही, पत्रावळी नाहीत. त्या आत धावल्या. देवघरापुढे तांबडे वस्त्र अंथरिले होते. त्यावर मध्ये विळी आणि कोयता, आणि भोवती पिस्टन, दांडे, टोप्या, व्हॉल्व्ह, झाडून सगळे, चिंचेने घासलेले, राखेने उजळलेले, खोबरेल तेलाचा हात फिरविलेले, हळदकुंकू लाविलेले, झेंडूची फुले वाहिलेले. टोप्यांचा एक ढीग, व्हॉल्व्हांचा एक ढीग, पान्यांची जुडी लाल दोऱ्यात बांधलेली. पत्रावळी उकिरड्यावर गेल्या होत्या, कारण जेवण जाहल्यावर पत्रावळ घरात ठेवितो कोण?

आऊसाहेब पाटावर बसल्या होत्या. सकाळपासून घासून त्यांची बोटे लाल जाहली होती आणि चेहरा प्रसन्न होता. त्या वकिलास वगळून, सुनेस थेट बोलिल्या, "तुझ्या वडिलांची गाडी. म्हटलं, यंदा तिचीही पूजा होऊ दे."

रागावावे तर कोणावर? ओरडावे तर समोर झेंडूची फुले. राणीसाहेब देवघराच्या दारातून पडवीत गेल्या, पडवीतून अंगणात, अंगणातून परत दारात. चंद्रसेनराव मध्ये पडून दोन्हीकडे काही मऊ बोलावे ऐशा बेतात होते, परंतु सांगावे काय हेच त्यांस कळेना. उद्या दसरा, आणि उद्याच भालचंद्ररावांच्या दारात मोटार उभी राहावयाची. आणि नवमीस पूजेत बसलेल्या हत्यारास दुसरे दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावू नये हा राज्याचा कायदा, तो आऊसाहेबांनी कोणासाठी म्हणून सैल केला नव्हता. आऊसाहेबांनी सुनेच्या येरझारा पाहिल्या, आणि मग पुसिले की, काय चुकले?

तेव्हा राणीसाहेब खाली बसल्या आणि प्रथमच सासूस वकिलाविना सगळे सांगू लागल्या. "आत्या, ह्या चार टोप्या सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. आपल्या फळीवर एका मापाचे चार डबे आहेत ना, पण ज्याचं झाकण त्यालाच बसतं, तसं. चुकीची टोपी लागली तर इंजिन अडकेल, नाहीतर फुटेल. पत्रावळींवर ओळीनं ठेवलं होतं मी. खुणा करायच्या होत्या, त्या मीच केल्या नाहीत."

आऊसाहेबांनी ढिगाकडे पाहिले. मग विचारिले, "आत्ता बसलीस तर उद्यापर्यंत होईल?"

"होईल. पण पूजेतलं आहे ना सगळं."

"पूजेत आहे तोवर हात लावू नये. पूजा संपली की लावावा," आऊसाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी अक्षता घेतल्या. "मी मांडली, मी संपवते." त्यांनी अक्षता वाहिल्या, तांबड्या वस्त्राचे टोक धरून ते चार बोटे उत्तरेस सरकविले, आणि नमस्कार केला.

चंद्रसेनराव थक्क होऊन उभे होते. ते म्हणाले, "आई, माझी सहामाही होती, तेव्हा तू मला पेन दिलं नव्हतंस पूजेतलं. दुसऱ्या दिवशी दिलंस."

"तू तरी कुठं अभ्यास करणार होतास," आऊसाहेब म्हणाल्या, आणि पहिली टोपी उचलोन त्यांनी पदराने पुसली.

मग त्या दुपारी देवघरापुढेच कारखाना बसला. एक दांडा धरावा, त्यास एक टोपी लावावी, बोल्ट आवळावे आणि सांध्यावरून नख फिरवावे. नख अडखळले तर टोपी परकी. नख सरळ गेले तर घरची. राणीसाहेबांची नखे नट सोडविताना तुटली होती, त्यांस सगळ्याच टोप्या परक्या लागत. तेव्हा नख आऊसाहेबांचे आणि पाना राणीसाहेबांचा ऐसी वाटणी जाहली. "ही नाही. ही पण नाही. हां, ही बसली," ऐसे चालले. आवळल्यावर राणीसाहेब टेबलावरील दिव्यापुढे धरून सांधा पुन्हा तपासीत आणि मगच बाजूस ठेवीत. चौघांच्या चार टोप्या मिळाल्या, आणि मिळताक्षणी चंद्रसेनरावांनी शेजाऱ्यांकडून पोगर आणून टिंबे मारिली, ती आजही आहेत.

पुढचा पेच ऐसा की, कोणता शिलेदार कोणत्या विहिरीचा? चौथ्या विहिरीच्या भिंतीस एक ओरखडा होता आणि एका पिस्टनाच्या कुशीस तैसाच ओरखडा होता, म्हणजे तो चौथा ठरला. एक पिस्टन पहिल्या विहिरीतच अलगद उतरला, दुसरीकडे अडला, तो पहिला ठरला. दुसरा आणि तिसरा मात्र दोन्हीकडे सारखेच उतरत. राणीसाहेबांनी दोन्ही तऱ्हांनी उतरवून पाहिले, कान लावून पाहिले, आणि अखेरीस जे ठरविले ते ठरविले. ते उलटसुलट जाहले की नाही, हे आजतागायत कोणास ठाऊक नाही. व्हॉल्व्हही ओळखू येईनात. तेव्हा प्रत्येकास नव्या जागेशी जुळविण्याकरिता खरखरीत मलम लावून घासावे लागले. टोकाच्या रबरी वाटीने व्हॉल्व्हास चिकटणारी काठी दोन्ही तळहातांत धरून पुढेमागे फिरवावयाची, जैसी ताकातली रवी. हे काम पाहताच आऊसाहेबांनी काठी मागून घेतली, आणि त्यांचा हात एकसारखा आणि न थकता फिरत राहिला, आणि राणीसाहेबांस प्रथमच वाटले की घाईवाचूनही काम पुढे सरकते.

मग नव्या कड्या चढविल्या, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पिस्टनाभोवती आवळिला की कड्या दबतात, आणि लाटण्याच्या टोकाने ठोकीत एकेक शिलेदार आपल्या विहिरीत उतरविला. दिवेलागणीस चौघेही आत गेले आणि खालून नवी बेअरिंगे घालून टोप्या आवळिल्या. दसऱ्याच्या सकाळी नवे पॅकिंग घालून माथा बसला, चेंबर बसले, नवे तेल ओतिले, आणि राणीसाहेबांनी किल्ली फिरविली. इंजिन घुर्रर करून गप्प जाहले. पुन्हा फिरविली, पुन्हा गप्प. नव्या कड्या ताठ असतात, त्यामुळे सुरुवातीस बॅटरीचे बळ पुरत नाही, हे लेकरांनी ध्यानी ठेवावे. परंतु त्या घटकेस राणीसाहेबांस हे ठाऊक असूनही ठाऊक नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे टोप्यांचा ढीग आला. आऊसाहेबांनी घराचे मागील दार उघडिले, गल्लीत जाऊन सोने लुटावयास निघालेली पाच-सहा पोरे आणि दोन शेजारी बोलाविले आणि म्हणाल्या, ढकला. फौजेने मोटार उतारावर आणिली, राणीसाहेबांनी गियर टाकून क्लचवरील पाय सोडिला, मोटारीस आचका बसला, आणखी एक बसला, आणि मग चारी शिलेदार एकामागून एक बोलू लागले. धूर निघाला. पहिल्याने निळा, मग पांढरा, मग काहीच नाही. चंद्रसेनराव धावत मागून येत होते, त्यांस चालत्या मोटारीत चढावे लागले. आऊसाहेब आधीच पुढील बाकावर बसल्या होत्या, मांडीवर आपट्याच्या पानांचे ताट.

नवीन कड्यांचे इंजिन सोसत सोसत चालवावे लागते, पळवू नये. ज्यांस दूध तापेपर्यंत दम निघत नव्हता त्या राणीसाहेबांस तो संबंध रस्ता सायकलीच्या वेगाने कापणे प्राप्त जाहले. ट्रक गेले, बस गेली, एक बैलगाडीवाला बराच वेळ सोबतीने चालला आणि शेजारून विचारून गेला की, बिघाड आहे का. राणीसाहेब तोंडातल्या तोंडात काही म्हणत, पायाचा अंगठा आवरीत, मधेच उतरून बॉनेट उघडीत, हात लावून पाहात आणि परत बसत. "आत्या, ऐकू येतंय का काही खडखड?" ऐसे दर मैलास पुसत. आऊसाहेब कान देऊन ऐकत आणि म्हणत, "नाही. चालव."

सूर्य कलला तेव्हा माहेरचे दार आले. भालचंद्रराव ओट्यावर पानांचे ताट घेऊन लोकांस सोने देत होते. मोटारीचा आवाज ऐकोन त्यांनी ताट खाली ठेविले, पायऱ्या उतरून आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आत चौघे एकसुरात चालले होते. त्यांनी मागे जाऊन धूर पाहिला, धूर नव्हता. मग म्हणाले, "कुठल्या गॅरेजात केलंस?"

राणीसाहेब उत्तर देणार तो आऊसाहेब काचेतून बोलिल्या, "गॅरेज कसलं. घरी केलं. आम्ही."

भालचंद्ररावांनी एकीकडे पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. चारी हात काळे, काजळी नखांत तशीच. मग त्यांनी चालकाचे दार उघडिले आणि थोरल्या भावाच्या सवयीने म्हणाले, "सरक जरा. एक फेरी मारून बघतो."

राणीसाहेबांनी स्टिअरिंगच्या चक्रावरून हात काढिला नाही. "फेरी मारू की," त्या म्हणाल्या. "तू मागं बस, दादा."

इंजिन चालू होते. मग भालचंद्ररावांनी चालकाचे दार हळू लाविले, मागील दार उघडिले आणि चंद्रसेनरावांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसले. मोटार वेशीकडे निघाली.

एवंच भाद्रपदात उघडिलेले इंजिन आश्विनात मिटले, आणि मोटार राणीसाहेबांकडे राहिली. नग काढताच खूण करावी हे जे शिकले ते शिकले, आणि पत्रावळी त्या राज्यात आता जेवणासच वापरितात. पाहिले, ऐकिले, लिहिले. अधिक असेल ते वाचणाराने मोडावे, उणे असेल ते त्याने जोडावे.